'मोफसिल' : एका जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वापर

इंग्रजी-मराठी अनुवाद शिकवताना काही शब्द असे भेटतात की ते इंग्रजी शब्दकोशात आहेत, इंग्रजी म्हणूनच शिकवले जातात, पण इंग्लंडातल्या सामान्य वाचकाला ते ठाऊक नसतात. 'मोफसिल' हा त्यांपैकी एक. जुने न्यायनिवाडे, जिल्हा गॅझेटियर, कंपनी सरकारचे पत्रव्यवहार, एकोणिसाव्या शतकातील वर्तमानपत्रे यांत तो पानोपानी येतो. विद्यार्थी शब्दकोश उघडतो. तेथे 'ग्रामीण भाग', 'खेडेगाव' असा अर्थ दिलेला असतो, तो वहीत उतरवून घेतला जातो आणि विषय संपतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा अर्थ अपुरा आहे. काही ठिकाणी तो सरळ चुकीचा ठरतो, आणि या चुकीची किंमत केवळ परीक्षेतील गुणांत मोजावी लागत नाही.

गंमत अशी की, आपल्या मक्तबात शिकलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला हा शब्द तोंडपाठ असतो. फक्त तो इंग्रजीत गेला आहे याची त्याला कल्पना नसते. मक्तबात मुलांना ईमानची दोन वाक्ये शिकवतात. एक ईमान-ए-मुजमल आणि दुसरे ईमान-ए-मुफस्सल. पहिल्यात अल्लाहवरील श्रद्धा आणि त्याच्या आज्ञांचा स्वीकार थोडक्यात, एकत्र सांगितला आहे. दुसऱ्यात अल्लाह, फरिश्ते, किताबे, रसूल, अखेरचा दिवस, तकदीर आणि मृत्यूनंतरचे पुनरुत्थान अशी एकेक बाब सुटी करून मांडली आहे. मुजमल म्हणजे गोळाबेरीज, मुफस्सल म्हणजे तपशीलवार. इंग्रजांच्या लेखणीतून 'मोफसिल' झालेला शब्द तो हाच.

अरबी धातू फे, साद, लाम. मूळ अर्थ तोडणे, वेगळे करणे, दोन गोष्टींच्या मध्ये भेद पाडणे. या एका धातूची किती पिलावळ आपल्या घरात नांदते हे पाहण्यासारखे आहे. वर्षाचा एक वेगळा पाडलेला भाग म्हणून 'फस्ल', म्हणजे ऋतू, आणि त्या ऋतूत हाती येणारे पीक म्हणून 'फसल'. महसुली कागदांतला 'फसली सन' तेथूनच आला. वाद तोडून टाकतो तो 'फैसला'. दोन ठिकाणांमधले अंतर तो 'फासला'. ग्रंथाचा एक भाग म्हणजेही 'फस्ल', आणि आजच्या अरबी शाळेत वर्गालाही हाच शब्द आहे. तर्कशास्त्रात एका जातीतील एक प्रकार दुसऱ्यापासून ज्या गुणाने वेगळा ठरतो, त्याला 'फस्ल' म्हणतात. मदरशातून मन्तिक शिकलेल्यांना 'जिन्स' आणि 'फस्ल' ही जोडी परिचयाची आहे. युनानी वैद्यकात सांधेदुखीला 'वजा-उल-मफासिल' म्हणतात, कारण शरीराचे अवयव जेथे सुटे होतात आणि जोडले जातात ती जागा म्हणजे 'मफसिल'. कुरआनच्या एक्केचाळिसाव्या सूरहचे एक नाव 'फुस्सिलत' आहे. सूरह हुजुरातपासून अखेरपर्यंतच्या सूरहांना हनफी मतानुसार 'मुफस्सल' म्हणतात. लहान लहान सूरह, मध्ये पुन्हा पुन्हा बिस्मिल्लाहने पडणारी फारकत, म्हणून हे नाव. बाराव्या शतकात जमख्शरीने अरबी व्याकरणावर लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथाचे नावही 'अल-मुफस्सल'च आहे. या सगळ्या कुटुंबात 'खेडे' कोठेही नाही.

आणि मराठीतला 'तपशील' हाही याच घरातला. मूळ 'तफसील'. मराठीत तो इतका मुरला आहे की तो परका वाटत नाही. त्याचे रूप कसे बदलले हे वर्गात आवर्जून दाखवावे. मराठीच्या स्वभावानुसार 'इ' किंवा 'ई'च्या आधीचा 'स' बहुधा 'श' होतो. नसीबचे नशीब, वसीलाचे वशिला, तसे 'सील'चे 'शील'. 'फ'चा 'प' झाला. अशा रीतीने 'तफसील'चे 'तपशील' तयार झाले आणि संस्कृतातल्या 'शील'शी नाते असल्यासारखे दिसू लागले. दिसते तसे ते नाही, एवढे मुलांना सांगावे. माधवराव पटवर्धन म्हणजे कवी माधव ज्यूलियन यांचा फार्सी-मराठी कोश १९२५ साली निघाला, आणि बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांचे मराठीवरील फारसीच्या प्रभावाविषयीचे उर्दू पुस्तक १९३३ साली. एक मराठी भाषेचा प्राध्यापक फारसीकडून आला आणि एक उर्दूचा सेवक मराठीकडे वळला. दोन्ही पुस्तके आपल्या ग्रंथालयांत शेजारी शेजारी असायला हवीत. बहुतेक ठिकाणी एकही नसते. असो.

आता मुख्य प्रश्न. 'तपशीलवार' या अर्थाचा शब्द 'शहराबाहेरचा मुलूख' या अर्थापर्यंत पोहोचला कसा?

त्याचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत आहे. बंगालच्या महसूल व्यवस्थेत दोन शब्द जोडीने येत. 'सदर जमा' म्हणजे जमीनदाराने सरकारात भरायची ठोक रक्कम. 'मुफस्सल जमा' म्हणजे गावोगावी, रयतेकडून, खातेवार प्रत्यक्ष वसूल होणारी रक्कम. मुख्य कचेरीत फक्त एक आकडा असे, आणि तो आकडा कशाकशाचा बनला आहे हे पाहायचे तर बाहेर गावात जावे लागे. तपशील जेथे होता ती जागा म्हणजे मुफस्सल. वहीतल्या रकान्याचे नाव त्या रकान्यात ज्या मुलखाची नोंद होते त्या मुलखाला चिकटले. या दोन आकड्यांमधली तफावत मधल्या माणसाची मिळकत होती. १७९३ च्या कायमधाऱ्यात सरकारने जमीनदाराच्या वसुलीचे अकरा भाग कल्पून दहा भाग स्वतःकडे घेतले आणि एक जमीनदाराला ठेवला. पण सदर जमा कायमची बांधली गेली होती, मुफस्सल जमा तशी बांधली गेली नव्हती. लागवड वाढली, खंड वाढला, की वाढीव भाग मध्येच राही. रयतेच्या दृष्टीने पाहिले तर या दोन शब्दांच्या मधल्या जागेत एक अख्खा आर्थिक इतिहास आहे.

'सदर' या शब्दाकडेही क्षणभर पाहिले पाहिजे, कारण 'मोफसिल' त्याच्यावाचून समजत नाही. अरबीत 'सद्र' म्हणजे छाती, त्यावरून पुढचा भाग, मानाची जागा, प्रमुख. वाड्याची सदर, सदर बाजार, कागदपत्रांतले सदरहू, आणि छातीवर घालायचा सदरा, सगळे एकाच गोत्राचे. सदर म्हणजे जेथे अधिकारी बसतो. मोफसिल म्हणजे त्याच्या सदरेबाहेरचे सगळे.

कंपनीला १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली, आणि वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेत ही जोडी न्यायव्यवस्थेत आली. प्रत्येक जिल्ह्यात मुफस्सल दिवानी अदालत आणि मुफस्सल फौजदारी अदालत. त्यांच्यावर सदर दिवानी अदालत आणि सदर निजामत अदालत. येथून हा शब्द इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात शिरला. आधी अदालतीचे विशेषण, मग ती अदालत जेथे आहे त्या प्रदेशाचे नाव.

मुंबई इलाख्यातही हीच रेघ होती. मुंबई शहरात १८२३ च्या सनदेने सुप्रीम कोर्ट आले आणि तेथे इंग्लंडचा कायदा चाले. शहराबाहेर, म्हणजे पुणे, ठाणे, खानदेश, रत्नागिरी इत्यादी मुलखात, एल्फिन्स्टनचे १८२७ चे कायदे चालत. आज पुण्याला कोणी मोफसिल म्हणेल तर त्याची धडगत नाही! पण मुंबईच्या वकिलाच्या दृष्टीने पुणे निखालस मोफसिल होते. १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत एकत्र होऊन मुंबईचे उच्च न्यायालय झाले, तरी त्याच्या दोन शाखा राहिल्या. शहरातले मोठे दिवाणी दावे थेट ऐकणारी 'ओरिजिनल साइड' आणि बाहेरच्या जिल्ह्यांतील अपिले ऐकणारी 'अपिलेट साइड'. ही नावे अजून चालू आहेत. 'मोफसिल' शब्द फलकावर नसला तरी त्याची रेघ तेथे आहे.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दाविषयी जी गोष्ट नोंदवली आहे ती आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत सहसा पोहोचत नाही. मोफसिल हे कुठल्या एका जागेचे नाव नसून तो दोन जागांमधला संबंध आहे. कलकत्त्यात बसून कोणी मोफसिल म्हणाला तर कलकत्ता सोडून बंगालचा कोणताही भाग. बनारसमध्ये बसून म्हणाला तर बनारस शहर आणि छावणी सोडून भोवतालचा जिल्हा. बोलणारा कोठे बसला आहे हे कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. 'वर', 'खाली', 'पलीकडे' हे शब्द जसे वागतात, तसा हा वागतो.

आपल्याच गावावर हा नियम लावून पाहू. मध्य प्रांत १८६१ मध्ये बनला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग काढून १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा करण्यात आला. ज्या गावाला जुन्या नोंदींत 'बुऱ्हा' म्हटले आहे ते जिल्ह्याचे ठाणे झाले. कलकत्त्याहून पाहणाऱ्याला नागपूर मोफसिल. नागपूरच्या सचिवालयातून पाहणाऱ्याला बालाघाट मोफसिल. बालाघाटच्या कलेक्टर कचेरीतून पाहणाऱ्याला बैहर आणि लांजी मोफसिल. बैहरच्या तहसीलदाराला डोंगरातली गोंड आणि बैगा वस्ती मोफसिल. एकाच काळात बालाघाट हे सदरही होते आणि मोफसिलही. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, आणि आपला सदर नागपूरहून हलून भोपाळ आणि जबलपूरकडे गेला. वैनगंगा होती तेथेच आहे. बालाघाट हे नावसुद्धा मुद्दाम तपासून पाहावे. 'बाला' म्हणजे फारसीत वर, आणि 'घाट' आपला. वऱ्हाडात घाटावरचा मुलूख बालाघाट आणि घाटाखालचा पाईनघाट असे दोन भाग फार पूर्वीपासून मानले जात. म्हणजे हेही एक सापेक्ष नाव. 'वर' म्हणजे कोणाच्या वर, हे खाली उभे राहणाराच सांगू शकतो.

येथवर शब्द निरुपद्रवी आहे. पण एकोणिसाव्या शतकात ही रेघ हक्कांची रेघ बनली, आणि तिच्यावरून दोन मोठे गोंधळ झाले. पहिला १८३६ चा. तोवर मोफसिलमध्ये राहणाऱ्या इंग्रजाला दिवाणी दाव्यात कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात अपील करता येत असे. त्या वर्षीच्या अकराव्या कायद्याने ही सवलत काढली आणि त्याला इतरांप्रमाणे सदर दिवानी अदालतीच्या कक्षेत आणले. कलकत्त्यातील इंग्रजांनी त्याला 'काळा कायदा' म्हटले. दुसरा गोंधळ अधिक माहितीचा आहे, १८८३ च्या इल्बर्ट विधेयकाचा. त्या काळी प्रेसिडेन्सी शहरातला हिंदी मॅजिस्ट्रेट युरोपियन आरोपीचा खटला चालवू शकत असे. पण तोच अधिकारी बढती घेऊन मोफसिलमध्ये गेला की त्याचा हा अधिकार संपे. बिहारीलाल गुप्ता या सनदी अधिकाऱ्याने १८८२ मध्ये या विसंगतीकडे सरकारचे लक्ष वेधले. विधेयक आले, युरोपियन मळेवाले आणि व्यापारी खवळून उठले, आणि १८८४ मध्ये जे संमत झाले त्यात युरोपियन आरोपीला निम्मे युरोपियन असलेल्या ज्यूरीची मागणी करण्याचा हक्क ठेवण्यात आला. इतिहासाचे आपले सहकारी हे विधेयक दरवर्षी शिकवतात. त्यातला 'मोफसिल' हा शब्द 'ग्रामीण भाग' असा उलथला की सगळा मुद्दाच हरवतो. मुद्दा शहर आणि खेडे असा नव्हता. पाटणा, ढाका, पुणे ही मोठी शहरेही या रेघेच्या बाहेर होती. मुद्दा होता तो कलकत्ता, मुंबई, मद्रास या तीन शहरांच्या हद्दीचा.

तुच्छतेचा रंग या शब्दावर केव्हा चढला, हे एका तारखेने सांगता येत नाही. मात्र १८४५ मध्ये जॉन लँग याने आपल्या वर्तमानपत्राला 'द मोफसिलाइट' हे नाव दिले तेव्हा त्यात चेष्टा आणि अभिमान दोन्ही होते असे म्हणता येते. लँग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला बॅरिस्टर. पत्र कलकत्त्यात सुरू झाले आणि पुढे मेरठकडे गेले, म्हणजे नावाला जागले. कंपनीच्या कारभारावर तो सडकून टीका करी. १८५४ मध्ये झाशी खालसा होत असताना राणी लक्ष्मीबाईंनी ज्या वकिलाला सल्ल्यासाठी बोलावून घेतले, तो हाच. १८६४ मध्ये तो मसुरीला वारला. त्याची कबर तेथे आहे. 'मोफसिलाइट' म्हणजे सदरपासून दूर राहणारा, तेथल्या बातम्या उशिरा मिळणारा, पण तेथल्या थापाही लवकर ओळखणारा माणूस. लँगने हिणवणीचा शब्द उचलून पाटी म्हणून लावला.

ती हिणवणी अजून पूर्ण गेलेली नाही. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात अध्यक्षांनी आम्हा काही जणांचा उल्लेख 'मोफसिल कॉलेजांतून आलेले मित्र' असा केला. सूर कौतुकाचा होता. अर्थ मात्र 'एवढ्या लांबून येऊनही बरे वाचले' असा होता, आणि तो सर्वांना कळला. अशा वेळी रागावण्यापेक्षा शब्दाचा अर्थ विचारावा हे बरे.

खेड्याला कमी लेखणारे शब्द प्रत्येक भाषेत आहेत, हे मान्य केले पाहिजे. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा दोष आहे. मराठीत 'गावंढळ' आहे, उर्दूत 'गँवार' आहे. आपण कॉलेजात ज्या शिक्षेला 'रस्टिकेट करणे' म्हणतो, तिच्या मुळाशी लॅटिनमधला 'खेडवळ' या अर्थाचा शब्द आहे. इंग्लंडच्या विद्यापीठांत विद्यार्थ्याला काही काळ गावाकडे पाठवून देणे ही शिक्षा होती. (बैहरहून शिकायला आलेल्या मुलाला रस्टिकेट केले तर तो आनंदाने घरी जाईल.) पण या सर्व शब्दांच्या पोटात गाव आहे. 'मुफस्सल'च्या पोटात गाव नाही, तपशील आहे. त्यावर चढलेली तुच्छता नंतरची, आणि ती वापरणाऱ्याची.

वर्गात हा शब्द शिकवताना उच्चाराची अडचण येते. इंग्रजी अक्षरे पाहून मुले 'मोफुसिल' असे वाचतात. जुन्या इंग्रजांनी आपल्या ऱ्हस्व 'अ'साठी सर्रास 'यू' हे अक्षर वापरले. पंजाब, पंडित, मुसलमानातला 'ल'च्या आधीचा स्वर, सदरचे 'सडर', हे सर्व त्याच पद्धतीने लिहिलेले. हे एकदा सांगितले की 'मोफसिल' हा उच्चार आपोआप जमतो, आणि जुन्या नकाशांवरची गावांची विचित्र नावेही उलगडू लागतात. व्याकरणात तो बहुधा निश्चित उपपदासह नाम म्हणून येतो, 'इन द मोफसिल'. किंवा विशेषण म्हणून, मोफसिल कोर्ट, मोफसिल वकील, मोफसिल टाउन. अनेकवचन क्वचित. उर्दूत मात्र 'मुफस्सलात' असे अनेकवचन कचेरीच्या भाषेत रूढ होते, आणि त्याचा अर्थ जिल्हे, बाहेरचे परगणे असाच होता.

दिसायला सारख्या शब्दांपासूनही सावध करावे लागते. 'मुफलिस' म्हणजे निर्धन. त्याचा धातू फे, लाम, सीन. 'मुन्सिफ' न्यायाधीश असून मोफसिल कोर्टातच बसत असे, पण त्याचा धातू नून, साद, फे. अर्थ निम्मे-निम्मे करणारा, न्याय करणारा. 'फाजील'मध्ये साद नसून ज्वाद आहे. 'मोफत' फारसी 'मुफ्त'वरून आला. उत्तरपत्रिकेत 'मोफसिल कोर्ट म्हणजे मोफत न्याय देणारे कोर्ट' असे वाचायला मिळते, आणि गुण कापताना हात थोडा अडखळतो. इंग्रजी 'फॉसिल'शी तर काही संबंधच नाही. तो लॅटिनमधला, जमिनीतून खणून काढलेला.

शब्द जुना झाला असे आपण म्हणतो, पण तो सर्वत्र सारखा जुना झालेला नाही. बंगालीत 'मफस्वल' हा आजही रोजचा शब्द आहे. त्याचे लेखन संस्कृत वळणाचे झाले आहे, आपल्या तपशीलप्रमाणेच. बांगलादेशातील वर्तमानपत्रांत मफस्वल वार्ताहर असतात. बिहार-झारखंडमध्ये गया मुफस्सिल, समस्तीपूर मुफस्सिल, चाईबासा मुफस्सिल अशी पोलीस ठाणी आहेत. शहराचे ठाणे वेगळे आणि भोवतालच्या गावांचे मुफस्सिल ठाणे वेगळे. तमिळनाडूत शहर बस आणि मोफसिल बस असा भेद करतात, आणि चेन्नईत कोयंबेडू येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड बसस्थानकाच्या मूळ नावातच 'मोफसिल' होते; २०१८ मध्ये त्याला एम. जी. रामचंद्रन यांचे नाव देण्यात आले. न्यायालयांत 'मोफसिल कैफियत उदारपणे वाचावी' असे एक तत्त्व अजूनही सांगितले जाते. म्हणजे लहान गावातल्या वकिलाने लिहिलेल्या दाव्यातला शब्दन्‌शब्द पकडून पक्षकाराचे नुकसान करू नये, एकूण आशय पाहावा. तत्त्व चांगले आहे, जरी त्यात थोडा वडीलधारेपणा असला तरी. मराठीत मात्र हा शब्द 'तपशील'सारखा रुजला नाही. त्यामुळे अनुवादकाला आधार राहत नाही.

आणि हा आधार नसल्याने जे घडते तो या लेखाचा सर्वांत निकडीचा भाग आहे. जून २०२५ मध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी केंद्र सरकारचे 'उम्मीद' पोर्टल सुरू झाले आणि सहा महिन्यांच्या मुदतीत प्रत्येक मालमत्तेचा तपशील भरण्याचे काम मुतवल्लींवर आले. त्यांच्या पेट्यांतून जुने वक्फनामे, बैनामे, निवाडे बाहेर निघाले. काही उर्दूत, शिकस्ता लिपीत, काही इंग्रजीत. वाचायला कोण? उर्दूचे शिक्षक, आपल्यासारखेच. गोंदियाकडच्या एका जुन्या उर्दू वक्फनाम्याचा मराठी अनुवाद त्या काळात माझ्या पाहण्यात आला. मूळ कागदात 'जायदाद-ए-मुफस्सला-ए-जैल' असे शब्द होते. अनुवादकाने इंग्रजी 'मोफसिल' मनात धरून 'खालील खेड्यांतील मालमत्ता' असे लिहिले होते. मूळ अर्थ साधा आहे : 'खाली तपशील दिलेली मालमत्ता'. त्या यादीतली दोन घरे तर भर वस्तीतली होती. आता शहरातल्या घराचा नगरपालिकेचा दाखला आणि 'खेड्यांतील मालमत्ता' म्हणणारा अनुवाद एकाच फाइलमध्ये लागला, तर समोरचा वकील प्रथम त्यावरच बोट ठेवणार. कागद खरा, मालमत्ता खरी, आणि अनुवादाने संशय निर्माण केलेला.

उलट चूकही होते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी निवाड्यात 'मोफसिलमधील मिळकत' असे असले, की उर्दू चांगले जाणणारा माणूस त्याचे 'तपशिलात दिलेली मिळकत' करतो. तेथे अर्थ असतो प्रेसिडेन्सी शहराच्या हद्दीबाहेरची मिळकत, आणि कोणत्या न्यायालयाला अधिकार आहे हा प्रश्न त्या एका शब्दावर उभा असतो.

यावर माझा पडताळा असा. कागद उर्दू-फारसीचा असेल आणि शब्दापाठोपाठ 'जैल' (खाली) किंवा 'बाला' (वर) येत असेल, तर 'तपशीलवार' हाच अर्थ घ्यावा. 'मुफस्सल' एकटा आला आणि जवळ 'बयान', 'हाल', 'कैफियत' असे शब्द असले तरी तोच. 'मुफस्सलात' असे अनेकवचन दिसले किंवा शेजारी 'सदर' असेल तर जागेचा अर्थ संभवतो. कागद इंग्रजी असेल तर आधी तो कोठे लिहिला गेला ते पाहावे. मुंबईत लिहिलेला असेल तर 'मुंबई शहराबाहेरील जिल्हे'. जिल्ह्याच्या ठाण्यात लिहिलेला असेल तर 'ठाण्याबाहेरील मुलूख'. 'ग्रामीण' हा शब्द शक्यतो टाळावा. महसुली कागदात 'मुफस्सल जमा' आली तर तिला 'ग्रामीण वसुली' न म्हणता 'रयतेकडील प्रत्यक्ष वसुली' म्हणावे, आणि मूळ शब्द कंसात ठेवावा, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला तपासता येईल. मध्य प्रांतातील १८६१ नंतरच्या कागदांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : येथे प्रेसिडेन्सी शहर नव्हतेच, त्यामुळे नागपूर किंवा बालाघाटच्या कचेरीत लिहिलेल्या 'मोफसिल'चा अर्थ बहुधा जिल्ह्याच्या ठाण्यापुरताच पाहायचा, कलकत्त्यापासून मोजायचा नाही.